गुऱ्हाळातला पंप आणि रसाची पातळी: सेन्सर निवडण्याआधी काय ठरवायचं

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पन्हाळ्याच्या पायथ्याला तुमचं घरचं छोटं गुऱ्हाळ आहे. एका आधणाला, म्हणजे एका वेळी उकळायला घेण्यासाठी, पाचशे लिटरच्या आसपास रस लागतो आणि त्यातून काकवी आणि किलोच्या ढेपा काढता. घाण्याखालच्या हौदातून रस पंपाने वरच्या टाकीत जातो, तिथून उताराने पहिल्या कढईत, आणि मळी (उकळताना वर येणारा गाळ) काढून झाली की दुसऱ्या पंपाने मोठ्या कढईत. हौद, टाकी आणि मोठी कढई अशा तिन्ही ठिकाणी वरून अल्ट्रासॉनिक सेन्सर टांगून ते ईएसपी-३२ ला, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या बोर्डाला, जोडलेत. आकडे सारखे उड्या मारतात. हौदावरचा पंप कोरडा चालून त्याचं सील गेलं, आणि तुम्हीच लिहिलंय की तेव्हा हौदात रस दिसत होता. एकदा वरची टाकी भरून वाहिली. सेन्सर कुठला घ्यावा, पंप कुठला घ्यावा आणि सगळं मोबाईलवरून चालवता येईल का, हे तुम्हाला हवंय.

सेन्सर बदलून यातलं निम्मंच दुखणं जाईल. पंप बंद करण्याचं काम तुम्ही प्रोग्रामकडे दिलंय, खरी अडचण तिथे आहे. पंप कधी चालू होऊ द्यायचा हे प्रोग्रामने खुशाल ठरवावं. पण तो थांबायलाच हवा अशा ज्या दोन-तीन वेळा असतात, तिथे साध्या वायरीने आणि साध्या रिलेने (विजेने ओढल्या जाणाऱ्या छोट्या स्विचने) कॉन्टॅक्टरचा, म्हणजे पंपाची मोटर जोडणाऱ्या मोठ्या स्विचचा, प्रवाह तुटला पाहिजे, मधे कुठलाही कोड नको. हे एकदा पक्कं केलं की सेन्सरची निवड सोपी होते. कारण मग प्रत्येक ठिकाणी आकडा लागतच नाही, बहुतेक ठिकाणी ‘आहे की नाही’ एवढंच पुरतं.

अल्ट्रासॉनिक तुमच्याकडे का फसतो ते आधी बघू. हा सेन्सर आवाज सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. ताज्या रसावर फेस असतो. कधी आवाज फेसावरून परततो, कधी फेसात मुरतो, कधी टाकीच्या कडेला आपटून येतो. म्हणून आकडा एका क्षणात दहा-पंधरा सेंटीमीटरने उडतो. कढईवर तर वाफही असते. २० अंशाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ६० अंशाला तो ३६५ च्या पुढे जातो. म्हणजे तापमानाची दुरुस्ती केली नाही तर सहा-सात टक्के चूक इथेच झाली. त्यात सेन्सरच्या तोंडावर वाफेचं पाणी जमलं की तो आंधळाच होतो. प्रोग्राममध्ये सरासरी काढून हे झाकता येतं, पण झाकलेला आकडा उशिरा कळतो आणि तेवढ्यात टाकी वाहते. घरच्या पाण्याच्या टाकीवर हा सेन्सर चांगला चालतो. रसावर लावू नका.

हौदात आणि वरच्या टाकीत सळईचे सेन्सर लावा. स्टेनलेसच्या तीन सळया: एक लांब, तळापर्यंत जाणारी, समाईक. दुसरी खालच्या पातळीची, तिसरी वरच्या पातळीची. रसात क्षार असतात, त्यामुळे तो विजेला चांगली वाट देतो. सळई रसात बुडली की रिले ओढला जातो, उघडी पडली की सुटतो. हौदात वरची सळई बुडली की पंप चालू करायचा, खालची उघडी पडली की बंद. एकाच सळईवर दोन्ही कामं करायला गेलात तर रस हलेल तसा पंप चालू-बंद होत राहील आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतील. दोन सळयांत अंतर किती ठेवायचं ते हौदाच्या मापावरून काढा. हौद एक मीटर बाय साठ सेंटीमीटरचा असेल तर दर दहा सेंटीमीटरला ६० लिटर रस बसतो. पंप मिनिटाला ४० लिटर ओढत असेल आणि तुम्ही वीस सेंटीमीटर अंतर ठेवलंत, तर पंप एका दमात तीन मिनिटं तरी चालेल. एवढं पुरे.

या सळयांना सरळ डीसी देऊ नका. बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह रसातून वाहिला की एका सळईचं लोखंड विरघळून रसात उतरतं, दुसरीवर बुडबुडे धरतात आणि काही दिवसांत वाचन बिघडतं. बाजारात मिळणारा लेव्हल कंट्रोल रिले सळयांना कमी व्होल्टेजचा एसीच, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह, देतो आणि त्यावर संवेदनशीलतेचं बटण असतं. तो घ्या. ईएसपी-३२ नेच वाचायचं असेल तर दोन पिनांची दिशा आलटून पालटून, सेकंदातून एकदा, काही मिलिसेकंदच प्रवाह द्या.

सळयांची बैठक हा बारीक वाटणारा पण सगळ्यात जास्त त्रास देणारा भाग आहे, म्हणून तो नीट सांगतो. तिन्ही सळया एका नायलॉनच्या ठोकळ्यात बसवल्या की पहिले काही दिवस उत्तम चालतं. मग रसाचे शिंतोडे ठोकळ्याच्या खालच्या बाजूला उडतात, वाळतात, त्याचा चिकट तपकिरी थर होतो. वाफेने तो थर ओला झाला की सळई ते सळई प्रवाह सुरू. हौद रिकामा, आणि रिले म्हणतो भरलाय. उपाय असा: सळई सहा मिलिमीटरची, ३१६ स्टेनलेस. तिच्यावर टेफ्लॉनची नळी चढवायची आणि फक्त खालचे दोन सेंटीमीटर उघडे ठेवायचे. समाईक सळईलाही नळी हवी. ठोकळ्याच्या खाली प्रत्येक सळईभोवती टेफ्लॉनची छोटी टोपी, उलट्या कपासारखी, म्हणजे तिच्या आतली जागा कोरडी राहते आणि थर तुटक राहतो. शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला चित्र काढून दिलंत तर तो हे करून देईल. ठोकळा दोन नटांवर असू दे, रोज संध्याकाळी काढून गरम पाण्यात बुडवता आला पाहिजे. जो भाग काढायला पाना शोधावा लागतो तो कुणी रोज धूत नाही.

फेससुद्धा वीज वाहतो, पण रसापेक्षा कमी. संवेदनशीलतेचं बटण त्यासाठीच असतं. ताजा रस आल्यावर सळयांची टोकं फक्त फेसात धरा आणि रिले सुटेपर्यंत बटण कमी करा. मग टोकं रसात बुडवून रिले ओढला जातोय याची खात्री करा. या दोन जागांच्या मधोमध बटण ठेवायचं.

आता हौदात रस असताना पंप कोरडा कसा चालला? माझा अंदाज असा, आणि तुमच्या वर्णनावरून मला तो जवळजवळ पक्का वाटतो: जाळी तुंबली. घाण्यातून रसाबरोबर बारीक चोथा येतोच. जाळीच्या अलीकडे रस तुडुंब, पलीकडे पंपाच्या तोंडाशी काही नाही, आणि तुमचा सेन्सर अलीकडचा रस बघत होता. त्यामुळे खालच्या पातळीची सळई नेहमी जाळीच्या पलीकडे, पंपाच्या बाजूला लावायची. हौदाला आडवी जाळीची भिंत घालून दोन कप्पे करा, घाण्याच्या बाजूला मोठ्या भोकांची पत्र्याची जाळी आणि तिच्यामागे बारीक जाळी. जाळीचं क्षेत्रफळ मोठं ठेवा, पंपाच्या तोंडावरची वाटीएवढी जाळी रसाला टिकत नाही. दोन्ही कप्प्यांत एकेक सळई असेल तर अलीकडे भरलंय आणि पलीकडे रिकामं यावरून ‘जाळी तुंबली’ असा भोंगाही वाजवता येतो. प्रोग्रामकडे द्यायला हे चांगलं काम आहे.

शेतीपंपाला लावतात तसं ड्राय रन प्रोटेक्शन इथे चालेल का, असं कुणीतरी विचारेलच. ते मोटरच्या करंटवरून ओळखतं. अर्ध्या एचपीच्या सिंगल फेज मोटरला रिकामं फिरतानाही बराच करंट लागतो, त्यामुळे भरलेला आणि कोरडा यांत फरक फार थोडा दिसतो. दुसरी फळी म्हणून असू दे, पण भिस्त सळईवर ठेवा.

टाकी वाहू नये म्हणून काय करायचं, ते यापेक्षा वेगळं आहे. खालच्या सळईची वायर तुटली तर रिलेला वाटतं रस संपला, आणि पंप थांबतो. हे आपल्या बाजूचं आहे. वरच्या टाकीतल्या ‘भरली’ सांगणाऱ्या सळईची वायर तुटली तर मात्र रिलेला वाटतं टाकी अजून भरायचीय, आणि पंप चालतच राहतो. तीच सळई, तीच वायर, पण इथे बिघाड उलट्या दिशेने जातो. यासाठी टाकीच्या काठाखाली एक फ्लोट स्विच (रसावर तरंगणारा स्विच) लावा, ज्याचा पॉइंट खाली लोंबताना जुळलेला असतो आणि वर उचलला की तुटतो. वायर तुटली, पॉइंट गंजला, तरी पंप थांबेल. फ्लोटचा पॉइंट नाजूक असतो, त्यातून मोटर चालवायची नाही, फक्त २४ व्होल्टच्या रिलेची कॉइल (रिले ओढणारं तारेचं वेटोळं) चालवायची. फ्लोटमध्ये चोथा अडकतो ही तक्रार खरी आहे, म्हणून तो जाडसर पाइपच्या तुकड्यात बसवा, ज्याला खाली आणि वर भोकं असतील. शिवाय टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप हवा, भरणाऱ्या पाइपच्या दुप्पट जाडीचा, थेट हौदात उतरणारा. सगळं बिघडलं तरी रस जमिनीवर न जाता हौदात परत येईल.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलची साखळी मग अशी होते: बंदचं बटण, हौदाच्या खालच्या सळईचा रिले, टाकीचा फ्लोट, मग ईएसपी-३२ चा रिले, मग कॉइल. सगळं एकामागोमाग. प्रोग्रामला फक्त एक कडी मिळाली आहे, ती जोडली तरी बाकीच्यांनी होकार दिल्याशिवाय पंप फिरणार नाही. याचा फायदा मोटर चालू होताना दिसतो. त्या झटक्याने ईएसपी-३२ कधीकधी रीसेट होतो, आणि सुरू होताना त्याच्या काही पिना क्षणभर स्वतःहून वर जातात, रिले टक्कन वाजतो. तसंच लाईट जाऊन आली की पंप आपोआप सुरू होता कामा नये. चालूचं बटण कॉन्टॅक्टरच्या स्वतःच्या पॉइंटने धरून ठेवा, पंपाच्या साध्या, डीओएल स्टार्टरमध्ये असतं तसं. लाईट गेली की ते सुटतं आणि माणसाने पुन्हा दाबेपर्यंत सुटलेलंच राहतं. लाईट गेली की कामगार हौदात हात घालून जाळी साफ करायला घेतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पंपाचं. बीडाचा (ओतीव लोखंडाचा) पंप आणि पितळी इंपेलर (पंपातला फिरणारा पंखा) रसाला लावू नका. रस थोडा आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५ ते ५.५. लोखंड रसात उतरलं की उसातल्या फेनॉलिक घटकांशी मिळून रंग काळपट करतं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि शाहू मार्केट यार्डात आजही ढेपेचा रंग आधी बघतात. भेंडीचं पाणी घालून जो रंग मिळवायचा तो पंपात घालवायचा का? ३०४ स्टेनलेसचा, उघड्या किंवा अर्धउघड्या इंपेलरचा सेंट्रिफ्यूगल पंप घ्या, चोथा त्यातून निघून जातो. तो हौदाच्या तळापेक्षा खाली, शेजारी खड्डा करून बसवा. हे पंप वर ओढायला कमजोर असतात, पुढे ढकलायला जोरदार. रस आपणहून त्यांच्या तोंडात आला पाहिजे.

दुसरा पंप, पहिल्या कढईतून मोठ्या कढईत नेणारा, तो काढूनच टाका असं माझं स्पष्ट मत आहे. दोन कारणं आहेत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून ५५० मीटरच्या आसपास उंच आहे, इथे पाणी १०० ला उकळत नाही, ९८ च्या जवळ उकळतं. मळी काढलेला रस त्याच्या जवळपासच असतो. पंपाच्या तोंडाशी दाब थोडा कमी झाला की तो रस तिथेच उकळतो, इंपेलरमध्ये वाफेचे बुडबुडे फुटतात, खडी घातल्यासारखा आवाज येतो आणि पंप ढकलायचा थांबतो. दुसरं कारण गुळाचं. मळी वर आली तरी ती पूर्ण काढेपर्यंत रसाला धक्का लागता कामा नये. पंपाने घुसळलं की वर आलेली मळी बारीक होऊन पुन्हा रसात मिसळते आणि मग ती गाळणीत सापडत नाही. पहिली कढई दोन फूट उंच बांधा, तळापासून थोडं वर तोटी काढा आणि मलमलीतून रस उताराने सोडा. तोटी उघडायचं काम गुळव्याचं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याचं. मळी निघाली की नाही हे त्याच्या डोळ्यांना कळतं, कुठल्याही सेन्सरला कळत नाही. पंप ठेवायचाच असेल तर शक्य तितका खाली, आत येणारा पाइप आखूड आणि जाड ठेवा. प्रवाह कमी करायचा तो बाहेरच्या बाजूच्या व्हॉल्व्हने, आतल्या बाजूच्या व्हॉल्व्हने कधीच नाही.

मोठ्या कढईत पातळी मोजायची तुमची हौस मला समजते. परदेशात घरी बीअर गाळणारे हौशी लोक उकळत्या गोड काढ्यासाठी हाच प्रश्न घेऊन बसतात, तिथेही फेस आणि वाफ आहेच. त्यांच्यातली एक पद्धत इथे चालते: स्टेनलेसची बारीक नळी तळाजवळ सोडायची, मत्स्यपेटीच्या पंपाने तिच्यातून हळूहळू हवा सोडायची आणि नळीतल्या हवेचा दाब मोजायचा. फेसाला वजन जवळजवळ नसतं, त्यामुळे तो दाबात दिसत नाही. पाण्याच्या दहा सेंटीमीटरला दाब ०.९८ किलोपास्कल, वीस ब्रिक्सच्या (शंभर किलोत वीस किलो गोडी असलेल्या) रसाला १.०६, कारण रस आठ टक्के जड. वरच्या टाकीत आकडा हवाच असेल तर ही नळी लावा आणि माप रसावरच बसवा.

कढईत मात्र ही नळी उंची सांगत नाही, उरलेलं वजन सांगते. पाचशे लिटर रस म्हणजे सुमारे ५४० किलो. वीस ब्रिक्स धरला तर त्यात १०८ किलो गोडी. काकवी ७५ ब्रिक्सला उतरवली तर १४४ किलो उरते. म्हणजे सरळ भिंतींच्या कढईत दाब सुरुवातीच्या पाव हिश्शाच्या थोडा वर आला की उतरवायची वेळ जवळ आली. चुलवाणावरच्या माणसाला जाळ कधी कमी करायचा याची चाहूल लागायला हे उपयोगी आहे. शेवटचा निर्णय त्यावर घेऊ नका, घट्ट पाकात नळी तुंबते आणि उकळीने आकडा हलतो.

शेवट तापमानावर आणि गुळव्याच्या हातावर. काकवी १०५-१०६ अंशांच्या आसपास, गूळ ११८ च्या आसपास. तुमच्याकडचा डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर इथे नको. तो १२५ अंशांपर्यंतच चालतो आणि त्याची अर्ध्या अंशाची खात्री ८५ पर्यंतचीच आहे. पीटी-१०० सेन्सर घ्या, तीन वायरींचा, टेफ्लॉन केबलचा. तो स्वतःच्या गुऱ्हाळावर उकळत्या पाण्यात तपासा. ९८ च्या आसपास दाखवला पाहिजे. तिथे १०० दाखवत असेल तर तो दोन अंश पुढे आहे, आणि त्याच्या भरवशावर काढलेली काकवी पातळ राहून आंबेल.

वरची टाकी मोठी घेण्याचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडा. उतरलेला रस पडून राहिला की त्यातली साखर फुटायला लागते, मग गूळ कडक होत नाही. एका आधणापुरता रस वर असावा. पाइपचंही तेच. शेवटच्या आधणानंतर पाइपमध्ये उरलेल्या रसात रात्रभरात ल्यूकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू वाढतात आणि डेक्स्ट्रान तयार करतात. सकाळी हाताला लागणारी ती बुळबुळीत तार म्हणजे तेच. पाइप उताराने बसवा, सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याची तोटी ठेवा, रस अडून राहील असा बंद टोकाचा फाटा कुठे ठेवू नका. शेवटी गरम पाणी त्याच पंपाने फिरवा. जोड क्लॅम्पचे असले तर आठवड्यातून एकदा उघडून बघता येतात.

विजेचं थोडक्यात, पण यात काटकसर नको. ओली जमीन, अनवाणी माणसं, स्टेनलेसची भांडी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की प्रवाह तोडणारा स्विच), चांगलं अर्थिंग, सळया आणि फ्लोटला २४ व्होल्टच. पेटीत वायरी खालून घ्या, वरून घेतल्या की वाफेचं पाणी वायरीवरून आत उतरतं. मोबाईलवर पातळी, तापमान, जाळी तुंबल्याचा निरोप, सगळं बघा. पंप बंद करायचं बटणही मोबाईलवर असू दे. चालू करायचं बटण फक्त पंपाशेजारी, जिथून हौद दिसतो.

घाणा सुरू करायच्या आधी सगळी फेरी साध्या पाण्याने चालवून बघा. पंप चालू असताना खालच्या सळईची वायर काढा, मग फ्लोटची, मग ईएसपी-३२ चा प्लग, मग मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. प्रत्येक वेळी पंप थांबला पाहिजे आणि बटण दाबेपर्यंत थांबलेलाच राहिला पाहिजे. पाणी रसापेक्षा कमी वीज वाहतं, त्यामुळे पाण्यावर बसवलेलं संवेदनशीलतेचं बटण पहिल्या रसाला जास्त पडेल आणि फेसालाही रिले धरेल. पहिल्या दिवशी घाणा सुरू झाला की हौदात वीतभर रस जमू द्या, आणि पंप चालू करण्याआधी ते बटण रसावर पुन्हा बसवून घ्या.